जुनी मोटरहोम किंवा कॅरव्हॅन खासगीरीत्या विकताना: तयारीपासून ताबा देईपर्यंत

राहण्याची सोय असलेली गाडी विकणे हे साधी मोटार विकण्यापेक्षा अवघड असते, कारण इथे एकाच व्यवहारात गाडीही विकली जाते आणि छोटेसे घरही. खरेदीदार इंजिन, ब्रेक आणि टायर तपासतोच; पण छत गळते का, फ्रीज गॅसवर चालतो का, टाकी आणि नळ धड आहेत का, याचीही त्याला खात्री हवी असते. ती पटवण्यासाठी एका अनोळखी माणसाला गाडीच्या आत तास-दोन तास वावरू द्यावे लागते आणि पुढे त्याच्याकडूनच मोठी रक्कम स्वीकारावी लागते. अशा व्यवहारात विकणाऱ्याचे रक्षण मुख्यतः दोन गोष्टी करतात, असे माझे ठाम मत आहे: गाडीची खरी स्थिती आधीच लेखी मांडणे, आणि पैसे, किल्ल्या व मालकीचे कागद यांचा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर न बदलणे.

ज्यांना गाडी दाखवायला वेळ नाही, किंवा अनोळखी लोकांशी एकट्याने व्यवहार करणे नको वाटते, त्यांनी व्यापाऱ्याला गाडी देण्यात काहीच कमीपणा मानू नये. व्यापारी कमी पैसे देतो. पण दाखवण्याचा त्रास, नंतरच्या तक्रारी आणि फसवणुकीचा धोका तो स्वतःकडे घेतो.

कागदपत्रांची जुळवाजुळव

जाहिरातीचा विचार करण्याआधी कागदपत्रे बाहेर काढावीत. नोंदणीच्या कागदावरील नाव तुमच्या ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळते का, हे प्रथम पाहावे. गाडी दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागू शकतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावाची नोंद पूर्ण झाल्याशिवाय गाडी बाजारात आणूच नये. हस्तांतरणाचे नियम देशागणिक, कधी कधी राज्यागणिकही बदलतात. त्यामुळे कोणता अर्ज, कोणाची सही, किती दिवसांची मुदत आणि नंबरप्लेट कोणाकडे राहणार, एवढ्या चार गोष्टी नोंदणी कार्यालयाकडूनच विचारून लिहून ठेवाव्यात.

त्यानंतर चासी क्रमांक पडताळावा. आजच्या गाड्यांवर तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत. म्हणजे जिथे ‘ओ’ दिसतो असे वाटते तिथे तो शून्य असतो. धातूवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक यांत एका अक्षराचा जरी फरक निघाला, तरी तो आधी दुरुस्त करून घ्यावा. मोटरहोमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पुष्कळदा चासी आणि इंजिन एका कंपनीचे असते, तर राहण्याचा भाग दुसऱ्या कंपनीने त्यावर बांधलेला असतो, आणि दोहोंच्या निर्मितीचे वर्ष वेगळे असू शकते. ही दोन्ही वर्षे आपणहून सांगितली नाहीत, तर खरेदीदाराला ती कागदावर दिसतात तेव्हा आपण काहीतरी लपवत होतो असा त्याचा समज होतो, आणि तो दूर करणे कठीण जाते.

गाडीवर कर्ज बाकी असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडून फेडीच्या रकमेचे पत्र घ्यावे. त्या रकमेची मुदतही पत्रात असावी. खरेदीदाराचे पैसे आधी कर्जखात्यात आणि उरलेले तुमच्या खात्यात जातील, अशी व्यवस्था त्याच संस्थेच्या कार्यालयात बसून करणे सर्वांत निर्धोक असते. कर्जाचा उल्लेख पहिल्याच बोलण्यात करावा.

दुरुस्त्यांची बिले, सर्व्हिसच्या नोंदी, ओलीच्या आणि गॅसच्या तपासणीचे दाखले, तसेच फ्रीज, हीटर, बॉयलर, चार्जर यांची माहितीपुस्तके एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावीत. अशी फाइल हातात आल्यावर घासाघीस करणाऱ्याचा सूर बदलतो.

ओल: सगळा व्यवहार जिथे अडतो

अशा गाडीचा सर्वांत मोठा शत्रू गंज नसून पाणी असते. छतावरची खिडकी, हवा खेळती ठेवणारी झरोक्याची चौकट, वातानुकूलन यंत्र, अँटेना, सौर पॅनेलच्या तारा जिथून आत शिरतात ती जागा आणि भिंत व छत जोडणाऱ्या कोपऱ्यातल्या पट्ट्या, या प्रत्येक ठिकाणी सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लवचीक लेप, वापरलेले असते. ऊन आणि थंडी यांनी ते आकसते, त्याला बारीक चिरा पडतात आणि पाणी आत मुरू लागते. ज्या गाड्यांचा सांगाडा लाकडी असतो तिथे हे लाकूड भिंतीच्या आतच कुजत जाते आणि बाहेरून बराच काळ काहीच दिसत नाही. दिसू लागते तेव्हा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पिवळट डाग पडलेला असतो, भिंतीचा पत्रा किंवा फायबरचा थर फुगलेला असतो, किंवा दारापाशी पाय ठेवल्यावर जमीन दबते.

म्हणून खरेदीदाराने विचारण्याआधी स्वतःच तपासणी करून घ्यावी. ओल मोजण्याचे यंत्र हाताशी असलेल्या तंत्रज्ञाकडून प्रत्येक कोपऱ्याचे, खिडक्यांभोवतीचे, कपाटांच्या आतले आणि पलंगाखालचे आकडे गाडीच्या आराखड्यावर लिहून घ्यावेत. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा काळजीचा मानला जात नाही, १५ ते २० टक्के असेल तर लक्ष ठेवावे लागते, आणि त्याहून वरचा आकडा एकाच जागी पुन्हा पुन्हा आला तर तिथे पाणी शिरत आहे असे समजावे. थंड, दमट दिवशी आकडे थोडे वर जातात. त्यामुळे मोजणीची तारीख आणि त्या दिवशीचे हवामानही दाखल्यावर असावे.

दोष सापडला तर तीन मार्ग उरतात: नीट दुरुस्ती करून बिल दाखवणे, दुरुस्तीचा लेखी अंदाज घेऊन तेवढी किंमत कमी करणे, किंवा दोष सांगून गाडी आहे तशी विकणे. तिन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. डागावर नवा कागद चिकटवणे, फुगलेल्या भिंतीवर स्टिकर लावणे किंवा जुन्या सांध्यांवर सिलिकॉनचा जाड थर ओढणे, हे मात्र कधीही करू नये. सिलिकॉनवर पुढे दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही, आणि पुढची योग्य दुरुस्ती करणाऱ्याला तो थर आधी खरवडून काढावा लागतो. शिवाय जाणून लपवलेल्या दोषाबद्दल अनेक देशांत खासगी विक्रेत्यावरही दावा लावता येतो. ‘आहे तशी विकली’ हे वाक्य अशा वेळी कामी येत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीतही हेच लागू पडते. गाडी धुवावी, पडदे आणि गाद्यांची कापडे स्वच्छ करावीत, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून धुवाव्यात, खिडक्या उघडून दोन-चार दिवस वारा खेळू द्यावा. पण सुगंधी फवारे मारू नयेत. जाणकार माणूस दार उघडताच आधी वास घेतो, आणि उग्र सुगंध आला की तो थेट पलंगाखालचे कपाट उघडून कोपऱ्यात हात फिरवतो.

बाकीच्या यंत्रणा

टायर खोलवर नक्षीचे दिसतात म्हणून ते चांगले असतात असे नाही, कारण या गाड्या कमी धावतात आणि उभ्या असतानाच टायर म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हा आकडा काही वेळा फक्त आतल्या बाजूला असतो, तेव्हा वाकून पाहावे लागते. स्टेपनीचाही आकडा पाहावा, कारण नेमकी तीच सर्वांत जुनी निघते.

राहण्याच्या भागाची १२ व्होल्टची बॅटरी चार्जर आणि सर्व उपकरणे बंद करून काही तास तशीच ठेवल्यावर मोजावी. शिसे-आम्ल प्रकारची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. रात्रभर चार्ज करूनही आकडा टिकत नसेल तर बॅटरी बदलावी, नाहीतर तसे सांगून टाकावे.

गॅसच्या बाबतीत घरगुती अंदाज चालवून घेऊ नये. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि म्हणूनच अशा गाड्यांच्या तळाशी झरोके ठेवलेले असतात. ते झाकलेले नाहीत ना, हे बघावे. रबरी नळीवर छापलेली तारीख आणि गॅस व कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत तपासून, अधिकृत तंत्रज्ञाकडून दाबचाचणी करून तिचा ताजा दाखला फाइलमध्ये ठेवावा. गॅसची टाकी भाड्याची असेल, म्हणजे पुरवठादाराच्या मालकीची असेल, तर ती तुम्हाला विकताच येत नाही. तिचा करार बंद करावा किंवा खरेदीदाराच्या नावे करून द्यावा.

फ्रीज, हीटर, पाण्याचा पंप, बॉयलर, पायरी, बाहेर उघडणारे सावलीचे छत, बाहेर सरकणारा भाग, टेकू, जनरेटर हे सगळे प्रत्येकी एकदा चालवून पाहावे आणि काय चालत नाही याची यादी करावी. ती यादी जाहिरातीत द्यायची आहे.

किंमत आणि जाहिरात

तशाच बांधणीच्या, तेवढ्याच वयाच्या आणि लांबीच्या गाड्या कोणत्या भावाला लावल्या आहेत ते पाहावे. पण लावलेला भाव आणि मिळालेला भाव यांत अंतर असते, हे ध्यानात ठेवावे. व्यापाऱ्याच्या भावात हमीचा खर्च धरलेला असतो, म्हणून खासगी किंमत त्याखालीच राहते. तुम्ही हौसेने बसवलेले सौर पॅनेल, सायकलचा स्टँड किंवा नवा टीव्ही यांचे पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. त्यांच्यामुळे गाडी लवकर विकली जाते, एवढाच त्यांचा उपयोग. सहलींचा हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी मागणी वाढते. मनातली किमान रक्कम घरच्यांशी बोलून लिहून ठेवावी, म्हणजे ऐन बोलणीत पाय घसरत नाही.

जाहिरातीत लांबी, उंची, पलंग किती, प्रवासात पट्टे असलेल्या जागा किती आणि कमाल एकूण वजन किती, हे आकड्यांत द्यावे. वजनाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण साध्या परवान्यावर चालवता येणाऱ्या गाडीच्या वजनाला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. युरोपातील अनेक देशांत ती दीर्घकाळ ३,५०० किलो राहिली आहे. वजन आधी कळले की परवान्यात न बसणारे खरेदीदार आपोआप गळतात. दोषांचेही फोटो द्यावेत. फोटो काढताना फोनमधील स्थाननोंद बंद ठेवावी, कारण ती चालू असेल तर मूळ फोटोतून घराचा नेमका पत्ता निघू शकतो. नंबरप्लेट आणि चासी क्रमांक झाकावा, आणि गाडी रात्री कुठे उभी असते हे लिहू नये.

फोन आणि संदेश

खरा खरेदीदार प्रश्न विचारतो. ओल तपासली का, टायर कोणत्या सालचे, आजवर मालक किती, असे त्याचे बोलणे असते. जो गाडी न पाहता सांगितलेली किंमत मान्य करतो, परदेशी असल्याचे सांगून ‘माझा वाहतूकदार गाडी न्यायला येईल’ म्हणतो आणि लगेच खाते क्रमांक मागतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे पैसे वाहतूकदाराला द्या’ सांगणे हा जुना सापळा आहे: चेक काही दिवसांनी खोटा ठरतो आणि तुम्ही पाठवलेले खरे पैसे मात्र गेलेले असतात. ‘तुम्ही खरे आहात याची खात्री करतो’ असे म्हणून फोनवर आलेला पडताळणीचा कोड मागणे, एखाद्या विशिष्ट संकेतस्थळावरूनच गाडीचा इतिहास-अहवाल विकत घ्यायला लावणे, किंवा पैसे मध्यस्थ म्हणून सांभाळणाऱ्या संस्थेचा दुवा स्वतःच पाठवणे, या तिन्हींचा उद्देश तुमचे खाते किंवा कार्डाची माहिती मिळवण्याचा असतो. मध्यस्थ संस्था वापरायचीच असेल तर ती तुम्ही निवडावी आणि तिचा पत्ता स्वतः टाइप करून उघडावा.

गाडी दाखवणे आणि चाचणी फेरी

मोटार कुठल्याही वाहनतळावर दाखवता येते; ही गाडी मात्र वीज आणि पाणी जोडून दाखवावी लागते, म्हणून बहुतेक लोक खरेदीदाराला थेट घरी बोलावतात. त्याऐवजी एखाद्या कॅम्पिंगच्या जागेत दिवसाचे भाडे भरून गाडी लावावी. तिथे जोडणी मिळते, आजूबाजूला माणसे असतात आणि घराचा पत्ता गुप्त राहतो. घरीच दाखवणे भाग असेल तर दिवसाउजेडी, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या उपस्थितीत दाखवावी आणि येणाऱ्याचे पूर्ण नाव व फोन आधी घेऊन घरच्यांना कळवावे. गाडीतील पत्ता असलेले कागद, जादा किल्ल्या आणि फाटकाचा रिमोट काढून ठेवावा; नेव्हिगेशनमधील ‘घर’ ही नोंद पुसावी.

आदल्या संध्याकाळीच गाडी समतल उभी करून फ्रीज सुरू करावा, कारण गॅसवरही चालणारा शोषण प्रकारचा फ्रीज थंड व्हायला बरेच तास घेतो आणि गाडी कललेली असेल तर नीट चालत नाही. इंजिन मात्र थंडच ठेवावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहिले की जाणकार खरेदीदार सावध होतो. तो पलंगाखाली वाकून बघत असेल, कपाटे ठोकून पाहत असेल, तर त्याला पुरेसा वेळ द्यावा. मध्ये मध्ये बोलून त्याचे लक्ष वळवू नये.

चाचणी फेरीआधी त्याचा परवाना प्रत्यक्ष पाहून त्याचा फोटो घ्यावा, परवाना या वजनाच्या गाडीला चालतो का ते तपासावे आणि विमा दुसऱ्या चालकाला लागू होतो का हे विमा कंपनीला आधीच विचारून ठेवावे. निघण्यापूर्वी गॅस बंद, विजेची तार काढलेली, पायरी आत, अँटेना खाली, छतावरच्या खिडक्या आणि कपाटे बंद, हे एकदा फिरून पाहावे. सुरुवातीचा टप्पा तुम्ही चालवावा. चालक बदलताना इंजिन बंद करून किल्ली हातात घेऊनच उतरावे आणि शेजारच्या आसनावर बसल्यावरच ती त्याच्या हाती द्यावी, कारण गाडी पळवली जाते ती बहुधा याच अर्ध्या मिनिटात. मार्ग तुम्ही ठरवावा, त्यावर कमी उंचीचा पूल किंवा अरुंद गल्ली नसावी, आणि गाडीची उंची डॅशबोर्डवर ठळक लिहून चिकटवावी. मोटार चालवायची सवय असलेला माणूस डोक्यावरची उंची हमखास विसरतो. खरेदीदार ‘मी जरा एकटा फिरवून येतो’ असे म्हणाला, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

पैसे

विसार घेतला तर पावतीवर तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: रक्कम, उरलेले पैसे देण्याची शेवटची तारीख, आणि व्यवहार मोडल्यास विसार परत मिळणार की नाही. विसार आल्यावर जाहिरात उतरवावी.

पूर्ण रकमेसाठी बँक हस्तांतरण हा सर्वांत चांगला मार्ग आहे आणि तो बँकेच्या कामकाजाच्या वेळेत, शक्यतो दोघांनी समोरासमोर बसून पूर्ण करावा. खाते क्रमांक संदेशातून न पाठवता समक्ष द्यावा, आधी अगदी लहान रक्कम पाठवायला सांगून ती पोहोचली का बघावे आणि मग उरलेली घ्यावी. पैसे आले हे फक्त तुमच्या स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये, किंवा बँकेला स्वतः फोन करून ठरवावे; खरेदीदाराच्या फोनवरील पडद्याचा फोटो, आलेला ईमेल किंवा एसएमएस यांना पुरावा मानू नये. बँकेचा म्हणून दिलेला धनाकर्षही (डिमांड ड्राफ्ट) नकली असू शकतो, आणि चेकची रक्कम खात्यात दिसू लागली तरी तो पूर्ण वटेपर्यंत ती मागे घेतली जाऊ शकते. रोख घ्यायचीच असेल तर ती कायद्याच्या मर्यादेत आणि बँकेच्या खिडकीवरच घ्यावी, म्हणजे नोटांची मोजणी, पारख आणि भरणा एकाच वेळी होतो. हप्त्यांनी पैसे देण्याच्या बोलीवर अनोळखी माणसाला गाडी देऊ नये, त्याची परिस्थिती कितीही खरी वाटली तरी.

पैसे निश्चित जमा होईपर्यंत किल्ल्या आणि सही केलेले हस्तांतरणाचे कागद दोन्ही तुमच्याकडे राहतील. ‘शनिवारी संध्याकाळ आहे, सोमवारी जमा होतील’ असे कोणी म्हणाले, तर गाडीही सोमवारीच जाईल.

करारपत्र, ताबा आणि नंतरची कामे

करारपत्राच्या दोन प्रती कराव्यात. दोघांची नावे व ओळखपत्रांचे क्रमांक, चासी व इंजिन क्रमांक, किंमत, धावलेले अंतर, जनरेटर असल्यास त्याचे तास, दिलेल्या किल्ल्यांची संख्या आणि तुम्ही सांगितलेल्या दोषांची यादी त्यात असावी. ताबा दिल्याची तारीख तर लिहावीच, शिवाय वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी दुपारनंतर झालेला दंड किंवा अपघात कोणाच्या माथी येणार, हे त्या एका ओळीवरून ठरते.

ताबा देताना घाई करू नये. पाणी भरणे, टाक्या रिकाम्या करणे, बॉयलर पेटवणे, गोठवणाऱ्या थंडीआधी पाण्याची यंत्रणा कोरडी करणे, फ्यूज कुठे आहेत, हे सारे त्याच्या हातून करून घ्यावे आणि हवे तर त्याला व्हिडिओ काढू द्यावा. पुढच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी गाडीच्या दोषातून येत नाहीत. कोणता नळ आधी उघडायचा हे माहीत नसल्यामुळे त्या येतात.

मालकी बदलल्याची सूचना नोंदणी कार्यालयाला स्वतः द्यावी. ‘मी करून घेईन’ या खरेदीदाराच्या शब्दावर सोडू नये, कारण नोंद बदलेपर्यंत कागदावर जबाबदार तुम्हीच असता. सूचनेची पोच जपून ठेवावी. विमा त्यानंतरच बंद करावा, आधी नव्हे. टोलचे टॅग, गाडीचा माग काढणाऱ्या यंत्राचे सिम, गाडीशी जोडलेली अ‍ॅप खाती, रस्त्यावरील मदतीची वर्गणी आणि गाडी ठेवण्याच्या जागेचा करार, हे एकेक करून बंद किंवा हस्तांतरित करावेत. करारपत्र, पैसे मिळाल्याचा पुरावा आणि दोषांची सही केलेली यादी यांच्या प्रती निदान काही वर्षे सांभाळाव्यात. नव्या मालकाचा फोन आला तर वापराबद्दलच्या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर द्यावे. तक्रार पैशांची असेल, तर ती लेखी पाठवण्यास सांगावे आणि दोषांच्या यादीशी ताडून पाहून मगच लेखी उत्तर द्यावे.